पांढऱ्या पट्ट्याचे टायर पिवळे पडले? घासायला घेण्याआधी हे वाचा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये उतरले, तर आमच्या फियाटच्या पुढच्या डाव्या चाकावर हळदीकुंकवाचे ओघळ. मागच्या दोन्ही चाकांचे पांढरे पट्टे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे. आणि चौथं चाक काळंकुळकुळीत! क्षणभर वाटलं, कुणी टायरच बदलला की काय. तसं काही नव्हतं. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या मुलाने सणाचं म्हणून मनापासून टायर पॉलिश मारलं होतं, पांढऱ्या पट्ट्यासकट. एका चाकात त्याची डबी संपली, हे आमचं नशीब.

गाडी बाबांची. १९६९ची फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. हीच गाडी पुढे 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून घराघरात आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीत पोचली. बाबा ठाण्यात, नौपाड्यात राहायचे तोवर ती रोज रस्त्यावर असायची. आता ती माझ्याकडे, घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या स्टिल्टमध्ये उभी असते आणि रविवारी उपवन तलावापर्यंत जाऊन येते.

त्या दिवशी मी जे केलं ते तुम्ही करू नका, म्हणून हा लेख. आधी थिनर आणला, मग तारेची घासणी आणि वाळूकागद घेतला, आणि दुपारपर्यंत पट्टा पांढरा व्हायच्या ऐवजी करडा झाला. एका टायरचा तर पांढरा थरच एका ठिकाणी निघून खालचं काळं रबर दिसायला लागलं. तो टायर आज स्टेपनी म्हणून डिकीत आहे. त्यानंतर वर्षभर विचारत, वाचत, चुकत जे समजलं ते क्रमाने सांगते.

१. तुमचा पांढरा पट्टा कोणत्या जातीचा आहे?

ही पायरी सगळे गाळतात. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांवर तीन प्रकारचे पांढरे पट्टे दिसतात आणि तिघांची औषधं वेगळी.

पहिला, खरा व्हाइटवॉल. यात टायर बनतानाच बाजूच्या भिंतीत पांढऱ्या रबराचा थर घातलेला असतो. काळ्या रबराला काळेपणा आणि ताकद येते ती कार्बन ब्लॅक नावाच्या काजळीमुळे. पांढऱ्यात तिच्या जागी टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडसारखी पांढरी पूड असते. ओळखायची खूण सोपी आहे. पट्ट्याच्या कडेवरून नख फिरवा. कड सलग, टायरमध्येच मिसळलेली लागते, आणि बऱ्याचदा पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला फूटपाथला घासू नये म्हणून एक बारीक उंचवटा असतो.

दुसरा, पोर्टावॉल. ही पांढऱ्या रबराची वेगळी चकती असते. टायर आणि रिम यांच्यामध्ये ती दाबून बसवतात. तिची बाहेरची कड नखाने किंचित उचलता येते. अँबॅसेडर आणि फियाटवाल्यांमध्ये हा प्रकार सर्रास दिसतो, कारण स्वस्त पडतो आणि कुठल्याही काळ्या टायरला चालतो.

तिसरा, रंगवलेला. साध्या काळ्या टायरवर पांढरा रंग. जवळून पाहिलं तर केसाएवढ्या भेगा आणि कडेला ब्रशचा थरथरलेला हात दिसतो.

मी जेव्हा माझे टायर घेतले तेव्हा विकणाऱ्याने 'ओरिजिनल व्हाइटवॉल' म्हणूनच दिले होते. चारपैकी तीन तसे निघाले. एक रंगवलेला होता, आणि थिनर लावल्याबरोबर त्याने सत्य सांगितलं. तेव्हा घासायच्या आधी स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन कोपऱ्यात एकदाच पुसून बघा. फडक्यावर पांढरा रंग उतरला, तर तो रंग आहे. थांबा आणि थेट नवव्या पायरीवर जा.

२. टायरचं वय बघा

टायरच्या भिंतीवर 'डीओटी' या अक्षरांनंतर एक लांबलचक क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल, तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे असतील, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, आणि मग त्याच्या पांढरेपणाची काळजी करण्यात अर्थ नाही. तो फक्त प्रदर्शनात उभ्या गाडीवर शोभेल.

भिंतीवर जाळीसारख्या भेगा असतील, तरी सफाईचं सामान परत ठेवा. भेगाळलेल्या रबरात साबण आणि पाणी आणखी आत जातं. दहा वर्षांवरचा टायर कितीही चांगला दिसला, तरी त्यावर घोडबंदरच्या घाटात जायची हिंमत मी करत नाही. आमच्या गाडीचं माप ५.२०-१४, अँबॅसेडरचं ५.९०-१५. जुन्या गाड्यांसाठी खरे व्हाइटवॉल अमेरिकेतल्या कोकर टायरसारख्या कंपन्या अजून बनवतात, पण मोटारींच्या नव्या टायरची आयात जून २०२०मध्ये केंद्र सरकारने परवाना लागणाऱ्या यादीत टाकली. म्हणजे आहे तो टायर चांगला असेल, तर त्याचा पांढरा थर जपणं हेच शहाणपण.

३. डाग वाचायला शिका

माझं सगळ्यात मोठं अज्ञान इथे होतं. मला वाटायचं डाग म्हणजे डाग, जोर लावला की जातो. खरं तर डागाचा आकारच सांगतो की तो कुठून आला.

संपूर्ण पट्ट्यावर सारखा पसरलेला तपकिरी-पिवळा रंग ही घाण नाही, टायरचं औषध आहे. हवेतला ओझोन रबराला चिरा पाडतो. ते टाळण्यासाठी कंपन्या काळ्या रबरात मेण आणि अँटिओझोनंट नावाची रसायनं घालतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, हवेशी संयोग पावतात आणि तपकिरी होतात. दुधावर साय यावी तसं. नव्या दुचाकीच्या काळ्या टायरवरही ही तपकिरी झाक दिसते, फक्त तिथे कुणाला तिचं दुःख नसतं. खऱ्या व्हाइटवॉलमध्ये काळ्या आणि पांढऱ्या रबराच्या मध्ये ही रसायनं अडवणारा एक थर असतो, पण तो जुना झाला किंवा थिनर-पेट्रोलने भिजला, की साय पांढऱ्यावर येते.

मध्यापासून बाहेर जाणारे, सूर्यकिरणांसारखे तांबूस ओघळ म्हणजे रिमचा गंज. व्हील कॅपच्या मागे पाणी साचतं, गंजतं आणि चाक फिरताना बाहेर फेकलं जातं. तेच ओघळ काळपट आणि चिकट असतील, तर हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) ग्रीस किंवा ब्रेक ऑइल गळतंय. हा प्रकार सफाईचा नाही. मेकॅनिककडे जा, आणि तोवर गाडी काढू नका. (एक गैरसमज दूर करते. सगळे जण 'ब्रेकची धूळ' म्हणून मोकळे होतात. आपल्या जुन्या फियाटना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, त्यांची धूळ बरीचशी ड्रमच्या आतच राहते. ब्रेकची धूळ ही डिस्क ब्रेकवाल्या गाड्यांची तक्रार.)

फक्त खालच्या भागावर आडवी रेघ असेल, तर गाडी पाण्यात किंवा तेलाच्या थारोळ्यात उभी होती. काळे ठिपके म्हणजे डांबर. काळ्या-पिवळ्या रेघा म्हणजे फूटपाथच्या रंगवलेल्या कडेला टायर घासलाय. त्याबद्दल घरात कुणाला विचारू नये, कुणी कबूल होत नाही.

आणि नवा कोरा व्हाइटवॉल निळसर दिसत असेल, तर घाबरू नका. ते कारखान्यातून येणारं संरक्षक निळं लेपन आहे. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने निघतं. टायर बसवल्यावर पहिल्या काही दिवसांतच ते काढा, उन्हात तापून घट्ट बसलं की त्रास देतं.

४. सामान जमवा

यातलं बहुतेक घरात असतं, उरलेलं जांभळी नाक्याच्या बाजारात आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

- दोन बादल्या. एक साबणाची, एक साध्या पाण्याची. आमच्या सोसायटीत गाडी पाइपने धुवायला बंदी आहे, आणि खरं सांगायचं तर बादलीच बरी पडते.
- भांड्यांचा साधा लिक्विड साबण
- मऊ नायलॉनचा ब्रश आणि एक जुना टूथब्रश
- खाण्याचा सोडा
- पांढरा मेलामाइन स्पंज, 'मॅजिक इरेझर' म्हणून मिळतो तो
- सायट्रिक ॲसिड, किराणावाल्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मागा
- स्पिरिट आणि कापूस
- वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक वाळूकागद, ४०० आणि ६०० नंबर (नंबर मोठा, तितका पेपर बारीक). हा शेवटचा उपाय, पण आणून ठेवा
- सुती फडकी, भरपूर
- रबरी हातमोजे
- चाक अडवायला दोन विटा

अमेरिकेतले लोक व्हाइटवॉलसाठी साबण भरलेल्या बारीक स्टील वूलच्या वड्या वापरतात. त्यांच्या व्हिडिओत ते बघून मी आपली भांड्यांची स्टीलची घासणी घेतली आणि फसले. त्यांचं स्टील वूल केसासारखं बारीक असतं, आपली घासणी म्हणजे त्या मानाने कुदळ. ती पांढऱ्या रबरावर ओरखडे पाडते आणि पुढची घाण त्या ओरखड्यांत जाऊन बसते.

आता हे घरात ठेवा, गाडीजवळ आणू नका: थिनर, पेट्रोल, रॉकेल, टॉयलेट क्लीनर, कपड्यांचं ब्लीच. पेट्रोल आणि थिनर रबराला फुगवतात आणि काळ्या भागातली तेलं ओढून पांढऱ्यावर आणतात. त्या दिवशी माझा पट्टा करडा झाला तो यामुळे. ब्लीच पहिल्या दिवशी लख्ख करतं, पण रबर कोरडं पाडतं, आणि काही आठवड्यांत पट्टा आधीपेक्षा पिवळा. शिवाय ब्लीच आणि लिंबूसत्त्व किंवा दुसरं कुठलंही ॲसिड एकत्र आलं, की विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद पार्किंगमध्ये हा खेळ अजिबात नको.

५. पहिली धुलाई: फक्त साबण

गाडी सावलीत, टायर थंड. बाहेरून फिरून आल्या आल्या धुवू नका, गरम रबरावर साबण वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. सकाळी सातची वेळ उत्तम, तोवर सेक्रेटरीही झोपलेले असतात.

जॅक लावायची गरज नाही. चाकाचा वरचा अर्धा भाग आधी धुवा, मग गाडी साधारण तीन फूट पुढे ढकला. आमच्या मापाच्या चाकाचा तेवढ्यात अर्धा फेरा होतो आणि खालचा भाग वर येतो. ढकलून झालं की लगेच हँडब्रेक आणि विटा.

आता महत्त्वाचं. ब्रश लावायच्या आधी नुसत्या पाण्याने चाक भिजवा आणि पाच मिनिटं सोडा. घोडबंदर रोडवर मेट्रोचं आणि रस्त्यांचं काम चालू झाल्यापासून इथल्या प्रत्येक गाडीवर सिमेंटची धूळ बसते. ती कोरडी घासलीत, तर तो वाळूकागदच झाला. भिजवून, ओतून घालवा. मग साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून गोल, टायरच्या वळणाने घासा. रिमजवळच्या खाचेत टूथब्रश. एक चाक पूर्ण धुऊन, पुसून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका, साबण वाळू द्यायचा नाही.

पुसायला विसरू नका. आमच्याकडे धुण्याला बोअरवेलचं पाणी येतं. त्यात लोह असेल, तर वाळताना ते स्वतःच पिवळी झाक सोडतं. तीन महिने मी टायरला दोष देत होते, दोष बादलीत होता.

माझ्या अनुभवाने निम्मे डाग इथेच संपतात. उरले तरच पुढे जा.

६. तपकिरी साय काढणे

दोन चमचे खाण्याचा सोडा, त्यात लिक्विड साबणाचे थेंब घालून दाटसर लेप करा. ओल्या पट्ट्यावर लावा, मऊ ब्रशने एक-दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवा, लगेच धुवा. फेसाचा रंग बघा. तो चहासारखा आला, तर साय निघते आहे. दुसऱ्या फेरीत फेस पांढरा आला, की थांबा.

त्यानंतर राहिलेल्या झाकेवर ओला मेलामाइन स्पंज. हा स्पंज दिसतो मऊ, पण तो अतिशय बारीक वाळूकागदासारखं काम करतो. दाबायचा नाही, फिरवायचा. एका चाकाला एक स्पंज सहज झिजतो.

बाजारात व्हाइटवॉलसाठी खास क्लीनरही मिळतात. परदेशात 'ब्लीच-व्हाइट' नावाचं एक जुनं उत्पादन फार प्रसिद्ध आहे. नावात ब्लीच असलं तरी त्याचं खरं बळ क्षारात आहे. असं काही वापरलंत, तर बाटलीवरची सूचना पाळा, हातमोजे घाला आणि ॲल्युमिनियम, क्रोम किंवा गाडीच्या रंगावर उडू देऊ नका. मी सोड्यावरच भागवते, कारण माझ्या व्हील कॅपचं क्रोम आधीच पन्नाशी ओलांडलेलं आहे.

धुतल्यावर पट्टा पांढरा झाला आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पिवळा पडला, तर डाग वरचा नाही, आतून येतोय. मधला अडवणारा थर हरलेला आहे. अशा टायरला दर महिन्याला सोडा लावणं एवढाच उपाय, किंवा तो मागच्या चाकाला घालून डोळेझाक करणं. जास्त घासल्याने आतून येणारा डाग थांबत नाही. उलट पांढरा थर पातळ होतो आणि डागाचा रस्ता छोटा होतो.

७. आपल्याकडचे खास डाग

हे कुठल्याही परदेशी व्हिडिओत सापडणार नाही.

हळद. साबण लावायचा नाही, आधी कोरड्या फडक्याने झटका. हळदीतलं करक्युमिन क्षाराच्या संपर्कात आलं की लालभडक होतं. मी साबण लावला, पट्टा लाल झाला, आई वरून ओरडली, "अगं, रक्त कुठून आलं?" घाबरू नका, लिंबाचा रस फिरवलात की लाल पुन्हा पिवळं होतं. मग कापसावर स्पिरिट घेऊन अलगद टिपा. कापूस पिवळा होत जाईल, तो बदलत राहा. राहिलेली फिकट झाक ऊन काढतं, करक्युमिन उन्हात टिकत नाही. गाडी दोन-तीन दिवस सकाळच्या उन्हात ठेवली, की काम होतं.

कुंकू जास्त चिवट. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात कृत्रिम रंग असतो. ते ओलं व्हायच्या आधी कोरडंच झटकलं, तर नव्वद टक्के प्रश्न मिटतो. पाणी पडलं की रंग रबरात शिरतो. शिरलाच, तर स्पिरिट आणि मग मेलामाइन स्पंज. यंदा मी दसऱ्याला हळदीकुंकू बॉनेटवर लावलं, टायरजवळ फक्त झेंडूची फुलं आणि लिंबू. आईने भुवया उंचावल्या, पण चाललं.

पानाची पिचकारी. स्टेशनजवळ गाडी उभी केली असेल, तर हे होणारच. ओली असताना नुसत्या पाण्याने धुतली तर जाते. वाळली असेल, तर सोड्याचा लेप. काताचा रंग पूर्ण जाईलच, याची हमी मी देत नाही.

डांबर. खोबरेल तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन फक्त त्या ठिपक्यावर ठेवा. मऊ झालं की नखाने किंवा प्लास्टिकच्या चमच्याने उचला. मग लगेच साबण, तेलाचा अंशही पांढऱ्यावर राहता कामा नये. रॉकेल लावणारे पुष्कळ भेटतील, ऐकू नका.

गंजाचे ओघळ. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व. फडकं त्यात भिजवून ओघळावर दहा मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. पण व्हील कॅप काढून रिम साफ करून रंगवली नाही, तर पहिल्या पावसात ओघळ परत.

काळं टायर पॉलिश, माझ्या चौथ्या चाकाचा मामला. ते जितकं ताजं तितकं सोपं. आधी कोरड्या फडक्याने जेवढं निघेल तेवढं, मग साबणाच्या चार-पाच फेऱ्या, प्रत्येक वेळी फडकं नवं. तेच फडकं फिरवलंत, तर काळं फक्त जागा बदलतं. उरलेल्या छटेवर सोडा. मी थिनरने सुरुवात केली म्हणून ते आत उतरलं, नाहीतर तो टायर तासाभरात सुधारला असता.

८. वॉटर पेपर: शेवटचा आणि मोजकाच

सगळं करूनही डाग बसलेलाच असेल, आणि टायर खरा व्हाइटवॉल असेल, तरच. पोर्टावॉलवर आणि रंगावर पेपर चालवायचा नाही.

पांढरा थर काही मिलिमीटरचाच असतो. प्रत्येक वेळी पेपर चालवला, की त्यातला थोडा कायमचा जातो. म्हणून पेपर आणि टायर दोन्ही सतत ओले, आधी ४०० नंबर, टायरच्या वळणाच्या दिशेने लांब लांब हात, एका जागी उभं राहून घासणं नाही. पांढरा गढूळ रस निघतो, तो धुवत राहा. डाग सत्तर टक्के गेला की ६०० नंबरवर या आणि पृष्ठभाग एकसारखा करा. शेवटचे तीस टक्के सोडून द्या. रस्त्यावरून जाणारा माणूस तुमच्या टायरला नाक लावत नाही.

ड्रिल मशिनला चकती लावून हे करणारे गॅरेजवाले आहेत. वागळे इस्टेटमध्ये एकाने मला "मॅडम, दहा मिनिटांत चारही करून देतो" असं सांगितलं होतं. पण मशिन एका जागी क्षणभर थांबलं, तरी खड्डा पडतो. माझ्या स्टेपनीवरचा काळा डोळा मात्र मशिनने नव्हे, माझ्याच हाताने आणि ८० नंबरच्या खरखरीत पेपरने पडला. तेव्हा नंबर बघूनच पेपर विकत घ्या, दुकानदार लाकूड घासायचा देतात.

९. पोर्टावॉल आणि रंग असेल तर

पोर्टावॉलची वरची बाजू पाचव्या आणि सहाव्या पायरीने साफ होते. त्रास मागच्या बाजूला आहे. चकती आणि टायर यांच्या फटीत पावसाळाभर चिखल, वाळू आणि पाणी साचतं, तिथे बुरशी येते आणि काळं पाणी कडेने पांढऱ्यावर उतरत राहतं. शिवाय ती वाळू टायरची भिंत कुरतडते. रेडियल, म्हणजे आजच्या गाड्यांना असतो तसल्या टायरची भिंत चालताना जास्त लवते, म्हणून तिथे हे कुरतडणं अधिक. वेग वाढला की चकतीची कड फडफडते, तो आवाज आला तर वेग कमी करा. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, टायरवाल्याकडे जाऊन चकत्या उतरवा, दोन्ही बाजूंनी धुवा, टायरची भिंत तपासा. उतरवताना टायरवाल्याला पहार जपून लावायला सांगा, आणि तिथे उभे राहा. चहा प्यायला जाऊ नका.

रंगवलेल्या पट्ट्याला फक्त साबण-पाणी. रंग उडाला असेल, तर घरात उरलेला ऑइल पेंट मारू नका. टायर दर फेऱ्याला दबतो आणि सुटतो, ऑइल पेंट तेवढा लवत नाही आणि पापडासारखा सुटतो. रबरासाठीचा लवचिक रंग मिळतो तोच घ्या. त्याआधी टायर दोनदा धुऊन पूर्ण कोरडा करा, कडेला मास्किंग टेप लावा आणि एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात द्या. तरीही तपकिरी साय काही महिन्यांत रंगातून वर येईल. शेजारचे काका मला दर रविवारी सांगतात, "अगं, रंग मारून टाक ना, कशाला एवढी हमाली!" त्यांच्या गाडीला अलॉय व्हील आहेत.

१०. पुन्हा पिवळे होऊ नयेत म्हणून

गाडी पुसणाऱ्याला स्वतः, प्रेमाने आणि एकदा करून दाखवून सांगा: या गाडीच्या टायरला काहीही लावायचं नाही. मी डॅशबोर्डवर चिठ्ठीही ठेवली होती. त्याने ती व्यवस्थित बाजूला ठेवून पॉलिश मारलं. तेव्हा बोलाच.

पांढऱ्यावर कुठलंही ड्रेसिंग, म्हणजे टायर चमकवायचं पॉलिश, नको. काळ्या भागाला चमक हवीच असेल, तर पाण्याचा बेस असलेलं घ्या, छोट्या ब्रशने काळ्यावरच लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. पेट्रोलियमचा बेस असलेली चकचकीत ड्रेसिंग पट्टा तपकिरी करतात.

पार्किंगच्या फरशीवर दुसऱ्या गाड्यांचं तेल सांडलेलं असतं. चारही चाकांखाली प्लायवुडचे तुकडे ठेवा. पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो, तो नको.

कव्हर कापडी, हवा खेळणारं. ठाण्याच्या पावसात प्लास्टिकचं कव्हर म्हणजे गाडीवर घातलेला वाफारा.

व्हाइटवॉल काढून ठेवायचे असतील, तर एकावर एक रचताना पांढरी बाजू पांढऱ्याला लागेल असे ठेवा. काळी भिंत पांढऱ्यावर टेकली, तर काळ्यातली तेलं सरळ पांढऱ्यात उतरतात आणि तो डाग कायमचा. मध्ये स्वच्छ जुनी चादर घातलीत तर उत्तम, रंगीत वर्तमानपत्र नको.

आणि गाडी चालवा. पंधरा दिवसांतून एकदा तरी दहा-बारा किलोमीटर. उभ्या गाडीचे टायर एका जागी चपटे होतात. रबरातलं मेण आणि औषध पृष्ठभागावर नीट पसरायलाही टायरचं दबणं-सुटणं लागतं. आम्ही उपवनला जातो, भजी खातो, परत येतो, आणि हात धुतल्याशिवाय कुणी टायरला हात लावत नाही.